थंड हवामानातलं लॉन, मुक्काम मिर्डिफ

शनिवार, ५ जुलै २०२५. सकाळी ६.४०.
गुडघ्यांवर बसून पट्टीने मामांच्या लॉनमधलं गवत मोजत होतो, तेवढ्यात टॅक्सी आली. उंची कुठे तीन सेंटिमीटर, कुठे पाच. मध्ये मध्ये पिवळे डाग. उल्हासमामा, अर्चनामामी आणि रिद्धी सुट्टीसाठी सांगलीला गेले. २२ ऑगस्टला परत. तोपर्यंत दुबईतला हा व्हिला, फ्रिज आणि आठ बाय पाच मीटरचं लॉन माझ्या ताब्यात.

टॅक्सीत बसताना मामा जे म्हणाले ते लिहून ठेवतो. गणपतीला त्यांचे मोठे साहेब दर्शनाला येतात, लॉनवर बसून प्रसाद घेतात. साहेबांकडे फॅसिलिटी असिस्टंटची एक जागा आहे, पगार २८०० दिरहम. (६५,८०० रुपये. चिंचवडमध्ये एवढा पगार आमच्या वाड्यात काय, गल्लीत कुणाला नाही.) मामा मला साहेबांसमोर उभा करतील. अट एकच, घर नीट राहिलं पाहिजे. लॉनला रोज पाणी घाल, बाकी काही करू नकोस, असंही म्हणाले.

हे शेवटचं संकोचाने म्हणाले असणार. भाच्याला काम कसं सांगायचं, म्हणून.

व्हिजिट व्हिसा ३० ऑगस्टपर्यंत. गणपती २७ला. मध्ये तीन दिवस आहेत. पुरेत. आईने भिशी उचलून तिकीट काढलंय, ते रोज एकदा आठवायचं.

संकल्प: साहेबांनी लॉन पाहूनच विचारलं पाहिजे, हे कुणी केलं?

रविवार, ६ जुलै. रात्री.
नेटवर लॉनची माहिती शोधली. इथल्या हवामानाबद्दल फार थोडं मिळालं, तेही निराशाजनक. मग एक अप्रतिम लेख सापडला: थंड हवामानातील घरमालकांसाठी लॉनची ऋतुनिहाय निगा. अमेरिकेतला. चौदा पानं. फोटोतलं गवत बघून डोळे निवले.

थंड हवामानातलाच का? कारण साधं आहे. जगातली उत्तम लॉनं थंड देशांत आहेत. वही मागायची तर पहिल्या नंबरच्या मुलाची मागावी.

सोमवार, ७ जुलै. दुपारी १२.१५.
मेट्रोने करामाला, म्हणजे इथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, जाऊन लेखाची रंगीत प्रिंट काढली. २८ दिरहम, म्हणजे ६५८ रुपये. दुकानदार म्हणाला, ब्लॅक अँड व्हाइट सातमध्ये होईल. पण हिरवा रंग कळायला नको?

लेख डिक्शनरी घेऊन वाचतोय. स्पेलिंगची एकही चूक नाही. विश्वास बसतो.

बुधवार, ९ जुलै.
पान ९ वाचून फार धीर आला. ‘लॉनवर बर्फाचे ढीग रचू नयेत.’ रचलेले नाहीत. टिक. ‘गोठलेल्या गवतावर चालू नये.’ चाललेलो नाही. टिक. ‘पानगळ साचू देऊ नये.’ झाडच नाही. टिक. आठपैकी पाच सूचना मी वाचण्याआधीच पाळत होतो. अंगात असावं लागतं.

खैरुद्दीन आला होता. हा मामांचा माळी, दर बुधवारी येतो, पाइप उघडा टाकून भिंतीच्या सावलीत झोपतो, महिन्याला दीडशे दिरहम घेतो. त्याला जमिनीच्या पीएचबद्दल विचारलं. म्हणाला, वो मैडम को पता होगा. त्याला सांगितलं की यापुढे यायची गरज नाही. तो इतका खूश का झाला, कळलं नाही. पाइप मात्र नेला. तो त्याचा होता म्हणे.

शुक्रवार, ११ जुलै.
शेजारच्या नूरुद्दीनभाईंचं लॉन. काय सांगावं. साठी उलटलेले हैदराबादचे गृहस्थ, दुखरे गुडघे, आणि लॉन असं की लेखातल्या पान १ वर छापावं. ४४ डिग्रीत एक पातं पिवळं नाही. सगळी पाती एका उंचीची.

धीर करून भिंतीवरून बोललो. विचारलं, कितने दिन में काटते हैं? म्हणाले, कभी काटा ही नहीं. पाणी? हफ्ते में एक बार, धूल बैठती है ना, बेटा. मग घरात जाऊन व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि लॉनवर फिरवायला लागले. पान ४ वर मेलेलं गवत विंचरून काढायला सांगितलंय, त्याचीच ही पुढची पायरी असणार. जात कोणती म्हणून विचारलं तर म्हणाले, चाइना का है.

नोंद: चिनी जात. हळू वाढणारी. कुठे मिळते ते लगेच विचारणं बरं दिसणार नाही.

रविवार, १३ जुलै. सकाळी ६.००.
लॉनचा आजार सापडला. पान ६, चित्रासकट. बर्म्युडाग्रास. थंड हवामानातलं सगळ्यात चिवट तण. लेखात म्हटलंय की जमिनीलगत सरपटतं, पेरापेराला मुळं धरतं, बारीक पाती, मुळासकट काढलं नाही तर पुन्हा फुटतं. खाली बसून पाहिलं. तेच. सरपटतंय, पेरापेराला मुळं, कोवळ्या टोकाला तीन तीन पाती. आणि एका कोपऱ्यात नाही, आठ बाय पाच मीटर सगळं तेच.

म्हणजे मामा तेरा वर्षं तणाला पाणी घालतायत. वाईट वाटलं. त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

मंगळवार, १५ जुलै.
उपटतोय. हाताची सालं गेली. चिवट म्हणजे किती.

शनिवार, १९ जुलै.
उपटून झालं. बारा काळ्या पिशव्या. उरलीसुरली मुळं मरावीत म्हणून पान ७ प्रमाणे जमिनीवर प्लास्टिक अंथरलं. (प्लास्टिक ९० दिरहम, २,११५ रुपये.) लेख म्हणतो, थंड प्रदेशात याला सहा ते आठ आठवडे लागतात. इथे हात लावला तर चटका बसला. आपण अमेरिकेच्या पुढे आहोत.

नूरुद्दीनभाई भिंतीवरून बराच वेळ बघत होते. म्हणाले, बेटा, उल्हास साहब को मालूम है? म्हटलं, सरप्राइज आहे. ते म्हणाले, बेशक.

गुरुवार, २४ जुलै.
मामांचा फोन. पाण्याचं बिल त्यांना सांगलीत मोबाइलवर दिसतं, हे माहीत नव्हतं. उपटण्याआधी जमीन मऊ करायला दोन दिवस पाणी सोडून ठेवलं होतं, ते सगळं त्यात आलंय. सांगितलं की गवताला तहान फार. मामा म्हणाले, लॉनचा एक फोटो पाठव.

रात्री ९.००. फोटो पाठवला. भिंतीवर चढून, थोडं पलीकडे झुकून काढला. त्यांनी लॉनचा फोटो मागितला होता. फोटोत लॉन आहे. खोटं कुठे आहे?

शुक्रवार, २५ जुलै.
मामांनी फोटो मोठ्या साहेबांना पाठवला. साहेबांचं उत्तर आलं, ते मामांनी मला पुढे ढकललं: ‘वा! हा मुलगा मला भेटायलाच हवा.’

तीनदा वाचलं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, पेढे आणू का? म्हटलं, थांब, आधी पेरणी होऊ दे.

रविवार, २७ जुलै.
बियाणं आलं. केंटकी ब्लूग्रास, दोन किलो, १६५ दिरहम. थर्मामीटर ड्रॅगन मार्टमधून, ४५. जमिनीत खुपसायचा.

आज मामींचा मेसेज. गणपतीच्या तयारीची यादी, काय काय करामातून आणून ठेवायचं: जानवी, कापूर, सुपाऱ्या, वस्त्रमाळ. शेवटी लिहिलंय, ‘दुर्वा घरच्याच, त्या आणू नकोस.’ उत्तर पाठवलं की दूर्वा शब्दात दू दीर्घ आहे. पुष्कळ लोक ऱ्हस्व लिहितात. मामींनी अंगठा पाठवला.

घरच्या दूर्वा सांगलीहून आणणार म्हणजे. विमानात चालतात का? पण त्या दर वर्षी करत असतील. विचारून मान कमी करून घ्यायचा नाही.

गुरुवार, ३१ जुलै.
पेरणीचा दिवस ठरवतोय. पान ८ वर ठळक अक्षरांत आहे की कॅलेंडर बघू नका, जमिनीचं तापमान बघा. ५० ते ६५ डिग्री झालं की पेरा. ५५ सर्वोत्तम. आकड्यांपुढे बारीक F छापलाय. F म्हणजे फॉल. अमेरिकेत शरद ऋतूला फॉल म्हणतात, डिक्शनरीत आहे.

आजची मोजणी. सकाळी ६ वाजता ३७. फारच थंड. दहाला ४४. दुपारी एकला ५१. म्हणजे जमत आलंय. लेख लिहिणाऱ्याने मिर्डिफ पाहिलेलं नाही, तरी आकडा चुकला नाही. याला विद्या म्हणतात.

रविवार, ३ ऑगस्ट. दुपारी २.२०.
५५. बरोबर ५५. पेरणी केली.

नूरुद्दीनभाई धावत बाहेर आले (धावत म्हणजे त्यांच्या मानाने). या वेळेला उन्हात काम करायला सरकारची बंदी आहे, दंड होतो, असं म्हणाले. म्हटलं, ते कामगारांना. मी व्हिजिटवर आहे. त्यांनी मला थंड ताक दिलं आणि बसवून ठेवलं. भिंतीला टेकून बसलो तेव्हा डोळ्यांसमोर हिरवं हिरवं दिसत होतं. शुभशकुन.

सोमवार, ४ ऑगस्ट. पहाटे ५.१०.
काळजीने झोप नाही. पान १० वर आहे की जमीन ४० च्या खाली गेली तर कोवळा कोंब गारठतो, दव पडण्यापूर्वी पांघरूण घालावं. इथे पहाटे ३७. तीन डिग्री कमी. बियाणं रात्रभर कुडकुडलं असणार.

मामींच्या कपाटातून सोलापुरी चादरी काढल्या. तीन मोठ्या, जाड, लाल आणि निळ्या. रात्री नऊला पांघरायच्या, सकाळी दहाला काढायच्या, जमीन जरा तापल्यावर. मी एसी २४ वर ठेवून नुसत्या पंच्यात झोपलो. लॉनला जास्त गरज आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट.
कोंब नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट.
कोंब नाही. पान ८: केंटकी ब्लूग्रास उगवायला १४ ते २८ दिवस. नवव्या दिवशी घाबरायचं कारण नाही. तरी घाबरलो.

आजूबाजूच्या मुंग्या खूप धष्टपुष्ट दिसतायत.

रविवार, १७ ऑगस्ट.
पंधरा दिवस झाले. जमीन एकसारखी तपकिरी आहे. डाग एकही नाही, हे मान्य करावं लागेल. पान १२ वर सुप्तावस्थेची माहिती आहे. प्रतिकूल हवामानात गवत वरून मेल्यासारखं दिसतं पण आत जिवंत असतं. आपलं लॉन उगवण्यापूर्वीच सुप्तावस्थेत गेलंय. असं क्वचित होत असणार, लेखात उल्लेख नाही.

मामांचा मेसेज की साहेब फोटो ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवतायत. मी नमस्काराचे हात पाठवले.

गुरुवार, २१ ऑगस्ट.
नूरुद्दीनभाईंना शेवटी विचारलंच की त्यांच्या जातीचं बियाणं कुठे मिळेल. ते आत गेले आणि एक गुंडाळी घेऊन आले. वीतभर रुंद, हात दीड हात लांब, हिरवीगार. खालून काळं रबर. म्हणाले, बचा हुआ टुकड़ा है, रख लो, बेटा.

घरात येऊन दार लावून बसलो. मग विचार केला की मी तरी त्यांना कधी विचारलं, गवत खरं आहे का म्हणून? नाही विचारलं. म्हणजे ते खोटं बोलले नाहीत. आणि मीही फोटोबद्दल खोटं बोललो नाही. सगळे खरे आहेत. तरी उद्या मामा येणार.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. दुपारी ३.००.
आले. एक वाजता. चादरी काढायच्या राहिल्या होत्या. मामांनी गेट उघडलं आणि तिथेच थांबले. बॅगा टॅक्सीवाल्यानेच आत नेल्या. मामांनी लॉनभोवती एक पूर्ण फेरी मारली. देवळात मारतात तशी, उजवीकडून.

मामी चादरींकडे बघत होत्या. एक चादर उचलली. खाली वाळू. मग मला म्हणाल्या, आवाज न चढवता:

“हेमू, माझ्या दूर्वा कुठे गेल्या?”

म्हटलं, मामी, तुम्ही घरच्या आणणार होतात ना? मेसेजमध्ये होतं. घरच्याच.

“हेच घर आहे रे आमचं. तेरा वर्षं झाली.”

त्या आत गेल्या. मी मामांना समजावत होतो की इथे दूर्वा नव्हत्याच, बर्म्युडाग्रास होतं, पान ६, आणि ५५ डिग्रीला पेरणी केली आहे. रिद्धीने माझ्या हातातून पान ८ घेतलं. ती अकरावीत आहे, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, “दादा, इट्स फॅरनहाइट.” मग फोनवर हिशोब करून दाखवला. ५५ म्हणजे आपले तेरा. इथे तेवढी थंडी फक्त फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात असते.

मी म्हटलं, छापणाऱ्याने पूर्ण शब्द लिहायला हवा होता. एका अक्षरावर एवढी जबाबदारी टाकू नये.

शनिवार, २३ ऑगस्ट.
मामा रात्री एकदाच बोलले. साहेबांनी फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाय, त्यावर एकतीस अंगठे आहेत, आणि बुधवारी ते बायकोला घेऊन येणार आहेत. मग नूरुद्दीनभाईंकडून त्या रबरी लॉनच्या दुकानाचा नंबर घेऊन आले.

सोमवार, २५ ऑगस्ट.
दोन माणसं येऊन चार तासांत लॉन टाकून गेली. चाळीस चौरस मीटर, सहासष्टच्या दराने. कडा चिकटवायला उद्या येतो म्हणाले.

फार सुंदर दिसतंय. पान १ सारखं. मनात आलं, शेवटी मी म्हणत होतो तसंच झालं की. मामांना हे बोललो नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट. संध्याकाळी ७.००.
कडा चिकटवायला कुणी आलं नाही. इन्शाल्ला कल, म्हणाले फोनवर.

मामींनी दूर्वा आणायला करामाला पाठवलं. दुकानाबाहेर ही गर्दी. शेवटची जुडी मिळाली, १२ दिरहम, निम्मी पिवळी. मेट्रोत उभ्या उभ्या पुडी उघडून बघितली. बारीक पाती, पेरं, टोकाला तीन. पान ६ वरचं चित्र, फक्त दोऱ्याने बांधलेलं.

चिंचवडला आईबरोबर चतुर्थीला शेकडो जुड्या घेतल्या असतील. पण त्या नेहमी जुडीतच पाहिल्या. जमिनीत असताना त्या कशा दिसतात, हे कुणी दाखवलंच नव्हतं. शुद्धलेखन मात्र पहिल्यापासून चांगलं.

बारा पिशव्या. एका जुडीला बारा दिरहम. गुणाकार केला नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी. रात्री.
साहेब साडेअकराला सपत्नीक आले. सिल्कचा कुर्ता, फार मोकळे गृहस्थ. लॉन पाहिल्याबरोबर बूट काढून त्यावर चालले. म्हणाले, फोटोतल्यापेक्षाही छान आहे. मामांनी माझी ओळख करून दिली. साहेबांनी विचारलं, लॉनचा अनुभव कुठला? म्हटलं, थंड हवामानाचा. ते म्हणाले, इंटरेस्टिंग. माझे कान गरम झाले. २८०० दिरहम अगदी समोर उभे होते.

आरतीची वेळ झाली. मामींनी करामाची जुडी पाण्यातून काढली. साहेबांनी ती पिवळी पाती बघितली आणि हसून म्हणाले, “वहिनी, घरच्या असताना बाजारच्या कशाला? दर वर्षी आम्हाला सांगता की. थांबा, मी आणतो.”

कुणी काही बोलायच्या आत ते बाहेर. मामा मागे, मी मामांच्या मागे. साहेब पायरीजवळच्या कडेला वाकले, पूर्वेकडे तोंड केलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि दोन बोटांत एक पातं धरून खुडलं. पातं येईना. जरा ओढलं. येईना. मग चांगलं ओढलं.

दीड मीटरचा कोपरा वर आला.

साहेब तो हातात धरून उभे राहिले. खाली वाळू, एक गुंडाळलेला चॉकलेटचा कागद, आणि एसीचं पाणी ठिबकतं त्या जागी एक कोंब. बोटभर. टोकाला तीन पाती.

मामी पुढे आल्या, वाकल्या, तो कोंब खुडला, साहेबांच्या हातातला कोपरा पायाने खाली बसवला आणि म्हणाल्या, “चला, घरची मिळाली. आरतीला उशीर होतोय.”

आरतीत साहेबांचा आवाज मोठा होता, मामांचा अजिबात नव्हता. गणपतीला एक हिरवी आणि वीस पिवळसर वाहिल्या.

निघताना मी साहेबांना नोकरीचं विचारलं. मामा माझ्याकडे बघत होते, पण विचारलं नसतं तर आईला काय सांगितलं असतं? साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “इन्शाल्ला.”

म्हणजे जवळजवळ पक्कं. आईला कळवलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट.
जॉइनिंगची तारीख कळावी म्हणून मामांना साहेबांना फोन करायला सांगितलं. मामा चहा पीत बसून राहिले. रिद्धी म्हणाली, “दादा, दॅट मीन्स नो.” मी तिला डिक्शनरी दाखवली, देवाची इच्छा असेल तर, असा स्पष्ट अर्थ दिलाय. ती म्हणाली, ऑफिसमध्ये नाही. मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, हेमू, तिकीट मी काढतो.

पेढे आणू नकोस, असा आईला मेसेज केला. तिने आणले होते. म्हणाली, येशील तेव्हा खाऊ, गोडाला कारण कशाला लागतं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट.
मामींनी चादरी लाँड्रीतून आणल्या. मी त्याचे पैसे देऊ केले, त्यांनी हात मागे घेतला. मग टेबलावर ठेवले. त्यांनी एक चादर माझ्या बॅगेत घातली, म्हणाल्या, पहाटे गारठतोस ना तू. हसत होत्या की नाही, कळलं नाही.

मग मला लॉनवर नेलं. तो कोपरा अजून सुटाच आहे. तिथे वीतभर चौकोन कापून टाकायला सांगितला. कात्री त्यांचीच. खालच्या वाळूत परवाच्या कोंबाचं पेर होतं. पाणी मी घालू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “नको. तू नुसता बघ.”

शनिवार, ३० ऑगस्ट. सकाळी ९.५०. दुबई विमानतळ, गेटसमोर.
नूरुद्दीनभाई सोडायला फाटकापर्यंत आले. म्हणाले, बेटा, अगली बार सर्दी में आना. पान १३ वर हेच आहे, पुढच्या हंगामाची तयारी या हंगामात करावी. चिंचवडच्या घराला लॉन नाही, पण गॅलरी आहे आणि ती पूर्वेला आहे. थर्मामीटर बरोबर घेतलाय. F आणि C यांत फरक असतो हे आता मला पक्कं माहीत आहे. किती लोकांना माहीत असतं?

हिशोब, दर साडेतेवीस.

झालेला खर्च: प्रिंट २८. प्लास्टिक ९०. थर्मामीटर ४५. बियाणं १६५. चादरींची लाँड्री ३६. दूर्वा, बाजारच्या, एक जुडी १२. एकूण ३७६ दिरहम. रुपये ८,८३६.

देणं: मामांना जास्तीचं पाणी ८७०, लॉन २,६४०. खैरुद्दीनला जुलैचे अर्धे ७५, काल गेटवर येऊन आठवण करून गेला, पाइपसकट. एकूण ३,५८५ दिरहम. रुपये ८४,२४७ आणि पन्नास पैसे. आईची भिशी वेगळी, बावीस हजार. परतीच्या तिकिटाचा आकडा मामांनी सांगितला नाही.

मामींना दूर्वा, घरच्या: एकवीस. पैकी जमा, एक. बाकी वीस.